डीएमएक्स: एकच माळ की स्प्लिटर?

हौशी नाटकाचे लाइट्स करणाऱ्यांत हा वाद जुना आहे. बारा-पंधरा एलईडी पार (डब्यासारखे रंगीत दिवे) असतील तर डीएमएक्सची, म्हणजे लाइट बोर्डाचे हुकूम दिव्यांना पोचवणारी, केबल एका पारमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी ओवत न्यायची, की विंगेत स्प्लिटर, म्हणजे एकच सिग्नल अनेक आउटना देणारी पेटी, ठेवून तिथून फांद्या काढायच्या? चार वर्षं मी माळच ओवली. हल्ली स्प्लिटर नेतो.

माळेला नावं ठेवणार नाही. केबल कमी लागते, बोर्डापासून एकच टोक निघतं, आणि शिकाऊ पोरगंसुद्धा इन-आउट बघून जोडत जातं. पत्त्याचा (प्रत्येक पारला दिलेल्या डीएमएक्स नंबरचा) आणि माळेतल्या जागेचा काही संबंध नसतो, त्यामुळे 1 नंबरचा पार माळेत शेवटी आला तरी बिघडत नाही. केबलला जो रस्ता सोपा तो धरायचा. एका लाइनीवर 32 उपकरणं चालतात असा नियम आहे. आपले पंधरा म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत, मग स्प्लिटर कशाला, असं मीही म्हणायचो.

मग एका एकांकिका स्पर्धेत माझं मत फिरलं. चौदा पार, एकच माळ. शेवटच्या प्रवेशात नायक मरतो, निळा प्रकाश, मग अंधार. निळ्यातच कुणाचा तरी पाय विंगेतल्या केबलला अडकला आणि पाचव्या पारचं कनेक्टर निसटलं. मी बोर्डावर सगळं शून्यावर आणलं. पहिले पाच विझले. पुढचे नऊ तसेच निळे, कारण सिग्नल तुटला की बरेचसे पार शेवटचा हुकूम धरून बसतात. मेलेला नायक थोडा वेळ वाट बघून उठला आणि लख्ख निळ्या उजेडात चालत आत गेला. टाळ्या पडल्या, त्याच वाईट.

खरं तर असा सरळ तुटलेला दोष बरा. जिथून पुढचे ऐकत नाहीत तिथे बघायचं, विषय संपला. मला वैताग आणला तो अर्धवट सुटलेल्या वायरीने. टिमटिमतो बारावा पार, आणि सोल्डर निघालेला असतो तिसऱ्याच्या कनेक्टरचा. घाईत कुणी मध्ये साउंडवाल्याची माइकची केबल जोडलेली असते. तीन पिनांचा एक्सएलआर कनेक्टर दोन्हीकडे सारखाच, बसतोही छान, पण आतली केबल या कामाची नसते. आता शिडी घ्या आणि एकेक जोड हलवून बघा, खाली दिग्दर्शक घड्याळ बघतोय. हे शिडी चढणं मला नको झालं. बाकी सगळी कारणं मी नंतर शोधली.

स्प्लिटरमध्ये प्रत्येक आउटला स्वतंत्र सिग्नल मिळतो. चांगला ऑप्टो-आयसोलेटेड (आउट एकमेकांपासून विजेने वेगळे ठेवणारा) असेल तर एका फांदीतला शॉर्ट दुसरीकडे जात नाही. समोरचा बार एका आउटवर, मधला दुसऱ्यावर, जमिनीवरचे पार तिसऱ्यावर. काही बिघडलं तर निदान कुठल्या बारवर चढायचं ते खालूनच कळतं, आणि बाकीचं नाटक चालू राहतं. फांदीच्या आत माळच असते, पण चार-पाच पारची.

तोटे आहेतच. केबल वाढते, पेटीला वेगळा वीजपुरवठा लागतो, आणि तिचा प्लग कुणी काढला तर सगळ्याच फांद्या एकदम गेल्या. मी त्या प्लगला चिकटपट्टी लावतो. पैसे वाचवायला स्प्लिटरऐवजी साधी वाय केबल (एका टोकाची दोन करणारी) मात्र लावू नका. तिने सिग्नल खराब होतो. वायरलेसबद्दल विचाराल तर स्वस्तातले संच 2.4 गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्याही पट्ट्यात चालतात. प्रेक्षागृहात तीनशे मोबाइल असताना माझी छाती होत नाही.

माळच परवडत असेल तर निदान शेवटच्या पारच्या आउटला टर्मिनेटर लावा, म्हणजे सिग्नल टोकावरून उलटा फिरत नाही: रिकाम्या एक्सएलआरमध्ये 2 आणि 3 पिनांच्या मध्ये 120 ओहमचा रेझिस्टर. चहाच्या पैशात होतो. माझं निम्मं टिमटिमणं त्यानेच थांबलं होतं. स्प्लिटर घेतला तर प्रत्येक फांदीच्या टोकाला एकेक लागेल.

गणपतीत सोसायटीच्या ऑर्केस्ट्राला सहा पार एकाच ट्रसवर (दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्यावर) असतात. तिथे मी अजून माळच ओवतो. स्प्लिटर टेम्पोत राहतो.