थेट करार की एजन्सी?

सोलापुरात महापालिका असो वा जिल्हा परिषद, कंत्राटी माणूस दोन वाटांनी आत येतो. एक, कार्यालय स्वतः जाहिरात देतं, मुलाखत घेतं आणि बहुधा 11 महिन्यांचा करार करतं. दुसरी, निविदा काढून एजन्सी नेमायची. माणसं ती पुरवते.

माझं मत स्पष्ट आहे: डोक्याचं काम असेल तिथे थेट करारच हवा. अभियंता, समुपदेशक, लेखापाल यांची निवड सगळ्यात कमी दराच्या निविदेवर कशी करणार? थेट करारात मानधन आदेशातच लिहिलेलं असतं आणि सरळ खात्यावर येतं. उणीव एवढीच की पीएफ बऱ्याचदा नसतो. आणि नूतनीकरणाची फाइल अडकली की ऐन सणात हात रिकामे राहतात.

सफाई, पहारा अशा मोठ्या संख्येच्या कामाला एजन्सी सोयीची. किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) निविदेतच येतं. ईएसआयचा वाटा मालकाचा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75 टक्के. पण कागदावरचं हातात पडतंच असं नाही. म्हणून दर महिन्याला यूएएन (पीएफचा खाते क्रमांक) टाकून पीएफचं पासबुक बघाच. पगारातून कापलेले पैसे तिथे दिसले नाहीत तर लगेच लेखी तक्रार द्या. ठेकेदाराने पगार थकवला तर मुख्य मालक म्हणून कार्यालयालाच तो द्यावा लागतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

कायम होण्याची आशा मात्र दोन्हीकडे धूसरच. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या उमादेवी निकालात नुसत्या कंत्राटी सेवेवरून तो हक्क नाकारला आहे.