नेव्ही ब्लूचे 10 महिने: काळा नाही हो, निळाच आहे

सुरुवातच चुकून झाली. आमच्या ऑफिसात नवरात्राचे नऊ रंग अगदी कडक पाळतात, रॉयल ब्लूच्या दिवसासाठी मी ऑनलाइन कुर्ता मागवला, फोटोत छान झगझगीत निळा आणि हातात आला तो नेव्ही. परत करायला वेळ नव्हता म्हणून तोच घालून गेले, तर ग्रुप फोटोत बाकी सगळ्या मोरासारख्या आणि मी एकटी आषाढातल्या ढगासारखी, वर एकीने विचारलंच, "तू काळा का घातला?" पण खरं सांगते, कुर्ता अंगावर इतका बरा दिसत होता की दिवाळीच्या खरेदीत मी नेव्हीच घेत सुटले. एक कॉटनचा कुर्ता, एक रेयॉनचा, एक स्ट्रेट पँट, दोन लेगिंग्ज, एक जीन्स आणि साडीवरचं एक ब्लाउज. थंडी, उन्हाळा, रंगपंचमी सगळं झालं, आता पाऊस चालूये, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात जास्त वसूल झालं ते ब्लाउज, आणि ते मी सगळ्यात शेवटी आणि नाइलाजाने शिवलं होतं. आधी प्रत्येक साडीचं वेगळं ब्लाउज, प्रत्येक वेळी टेलरच्या तारखा. आता हळदी पिवळी, राखाडी, पिस्ता, राणी कलरची येवल्याची सेमी पैठणी, सगळ्यांवर हे एकच चालतं. काळं ब्लाउजही सगळ्यांवर चालतं म्हणतात, पण काळ्यावर पिवळी साडी एकदम टॅक्सीसारखी दिसते, नेव्हीवर तोच पिवळा शांत होतो. जरीचे काठही उठून दिसतात आणि ऑक्सिडाइज्डचे कानातलेही चालतात.

आमच्या घरात दुसरं कारण म्हणजे पूजेला काळं चालत नाही (संक्रांत सोडून), त्यामुळे गडद पण चालेल असा रंग हवाच होता. पण इथेही गंमत झाली. सत्यनारायणाला मी नेव्ही कुर्ता घालून स्वयंपाकघरातून प्रसादाचं पातेलं घेऊन आले तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, पूजेला काळं?" मी म्हटलं आई, निळाय हो. त्यांनी ट्यूबलाइटकडे बघितलं, कुर्त्याकडे बघितलं, मग मला हाताला धरून गॅलरीत नेलं, उन्हात बाही उलगडून बघितली आणि म्हणाल्या, "हं, आहे निळा, पण गुरुजींना काय गॅलरीत नेणारेस का?" त्यानंतर पूजेला मी नेव्हीवर मोठी केशरी नाहीतर गुलाबी ओढणी घेते. शेजारी भडक रंग आला की निळा आपोआप निळा दिसतो.

आता मुख्य रडगाणं. नेव्ही हा एक रंग नाहीये. माझा कुर्ता जांभळट, पँट हिरवट आणि लेगिंग्ज जवळपास काळ्या, आणि हे दुकानात कळत नाही, कारण दोन कपड्यांचे डाय वेगळे असले की एका लाइटखाली ते जुळे भाऊ दिसतात आणि उन्हात परके. आमच्या नाशिकच्या मेनरोडच्या दुकानात मॅच झालेला सेट घरी जाताना रविवार कारंजाच्या सिग्नललाच वेगळा दिसायला लागला. वरून खालपर्यंत नेव्ही घालायची हौस तर एका दिवसात फिटली. कॉलेज रोडला एका दुकानाबाहेर मैत्रिणीची वाट बघत उभी होते, एक काका गाडी थांबवून विचारतात, "मॅडम, इथे लावू का गाडी?" सिक्युरिटीचा ड्रेस याच रंगाचा असतो हे मला तेव्हा सुचलं. तेव्हापासून वर नेव्ही असेल तर खाली पांढरं, राखाडी किंवा बिस्किट कलर, आणि खाली नेव्ही असेल तर वर काहीही. मरून सोडून, मरून-नेव्ही मला तरी फार जड वाटतं, शाळेच्या टायसारखं. चपला मात्र तपकिरी कोल्हापुरीच, काळ्या सँडलने सगळा नूर जातो.

रंग जातो का? कॉटनच्या कुर्त्याचा पहिल्या दोन धुण्यांत गेला, बादली निळी झाली, मग थांबला. शेजारच्या काकूंनी मिठात भिजव सांगितलं, भिजवला, काही फरक नाही. मीठ रंगवतानाच्या बादलीत कामाचं असतं, तेव्हा ते रंग धाग्याकडे ढकलतं, पण तयार कपड्याचा सुटलेला रंग मिठाने पक्का होत नाही. जीन्सचं प्रकरण वेगळंच, इंडिगो धाग्यात आतपर्यंत मुरत नाही, वरवर बसतो आणि घासून निघतो. हे मला माझ्या बिस्किट कलरच्या पर्सने शिकवलं. रोज स्कूटीवर मांडीशी घासून तिची एक बाजू कायमची निळसर झालीये, लिक्विड सोप, टूथपेस्ट सगळं करून बघितलं.

ऊन हा याचा खरा शत्रू. एप्रिलमध्ये गच्चीवर सुलटाच वाळत घातलेला रेयॉनचा कुर्ता खांद्यावर, बरोबर दोरीच्या रेषेवर, विटला. आता उलटा करून सावलीत घालते. टॉवेलबरोबर धुवायचा नाही, पांढरे धागे चिकटतात ते सेलोटेपनेही निघत नाहीत. भाकरीचं पीठ उडालं की लगेच दिसतं. मे महिन्यात पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला उभं राहिलं की पाठीवर घामाचे पांढरे नकाशे, ते मला दिसत नाहीत पण मागच्या स्कूटीवाल्याला दिसत असणार. पावसात चिखल ओला असताना काही कळत नाही, वाळला की पोटऱ्यांवर ठिपके, पण झटकून बरेचसे जातात, पांढऱ्या लेगिंग्जपेक्षा शंभर पट बरं. थंडीत तक्रारच नाही, नोव्हेंबर ते जानेवारी मी हाच रंग घालून काढले.

नावाचं म्हणाल तर ते ब्रिटिशांच्या नौदलावरून आलंय, 1748 पासून त्यांच्या ऑफिसरांचा युनिफॉर्म गडद निळा. आपल्याला नेव्ही म्हटलं की पांढराशुभ्र ड्रेस आठवतो, त्यामुळे मला लहानपणी हे नाव कळायचंच नाही.

पुन्हा घेईन का? ब्लाउज आणि कॉटनचा कुर्ता डोळे झाकून, रेयॉन नाही, लेगिंग्ज फक्त बाहेरच्या उजेडात बघून. गेल्या आठवड्यात एका लेगिंगची शिवण उसवली म्हणून मॅचिंगसाठी जुना कुर्ता पिशवीत घालून शालिमारला गेले. दुकानदाराला म्हटलं दादा, मी हे बाहेर उजेडात नेऊन बघणारे. तो म्हणाला बघा की ताई. ढग होते तरी उजेड चांगला होता, लेगिंग अगदी नवीकोरी निळी आणि माझा कुर्ता शेजारी चक्क राखाडी, म्हणजे 10 महिन्यांत तो किती फिका झालाय हे मला रस्त्यावर उभं राहून कळलं. लेगिंग घेतली, कुर्ता आता घरात घालते.