जुन्या लाकडी मोटारबोटीसाठी वेस्ट सिस्टम इपॉक्सी: दोन उन्हाळ्यांचा अनुभव

मिशिगनमधील आमच्या गॅरेजमध्ये गेले दोन उन्हाळे १९५० च्या दशकातील क्रिस-क्राफ्ट या कंपनीची एक १७ फुटी लाकडी मोटारबोट उताणी पडून होती. पत्नी, चौदा वर्षांची मुलगी, मालवणहून आलेले बाबा आणि मी असे चौघे मिळून ती दुरुस्त करत होतो. या कामात सर्वाधिक वापरले गेले ते वेस्ट सिस्टमचे १०५ क्रमांकाचे रेझिन आणि २०६ क्रमांकाचे संथ हार्डनर. ही दोन द्रव्ये एकत्र कालवली की घट्ट होऊन लाकूड चिकटवणारे इपॉक्सी तयार होते. हे इपॉक्सी आमच्याच राज्यातील बे सिटी येथील गूजन बंधूंचे आहे.

रेझिनचे पाच भाग आणि हार्डनरचा एक भाग, असे याचे प्रमाण आहे. डब्यांना बसवायचे पंप मात्र असे बनवलेले आहेत की, दोन्ही एकेकदाच दाबले म्हणजे हे प्रमाण आपोआप साधते. बाबांनी डब्यावरचे ‘पाचास एक’ वाचून रेझिनचा पंप पाच वेळा दाबला आणि सूचनापत्रक न वाचलेल्या मीही त्याला मान डोलावली. तो थर चार दिवसांनीही गुळाच्या पाकासारखा चिकटच राहिला आणि शेवटी खरवडून काढावा लागला. यात दोष सर्वस्वी आमचा होता.

साधारण २२ अंश सेल्सियस तापमानात २०६ चे मिश्रण भांड्यात वीस-पंचवीस मिनिटे टिकते. मात्र एकदम जास्त कालवून खोल भांड्यात ठेवले, तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसू लागते. म्हणून थोडे थोडे कालवून पसरट ताटलीत ओतावे. सुकल्यावर पृष्ठभागावर मेणासारखा एक थर येतो; तो साध्या पाण्याने घासून धुतल्याशिवाय त्यावर सँडपेपर चालवू नये, अन्यथा तो चोंदतो आणि पुढचा थरही नीट धरत नाही. हातमोजे सक्तीचे समजावेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

आतील सांगाड्याच्या कामात या इपॉक्सीला तोड नाही. बरगड्यांचे कुजलेले भाग कापून एकास आठ उताराच्या तिरक्या सांध्याने नवे लाकूड जोडले, स्क्रूची ढिली झालेली भोके दाट मिश्रणाने भरली, आणि त्यांतील एकही जोड अद्याप हललेला नाही. मात्र लाकूड पुरते कोरडे हवे आणि क्लॅम्प बेताने आवळावा. सुतारकामातील सवयीप्रमाणे जोर लावला, तर सगळे इपॉक्सी सांध्याबाहेर निघून जाते.

तळाच्या फळ्यांबाबत माझे मत याच्या उलट आहे. फटी इपॉक्सीने बुजवून वरून एक थर चढवला की गळती कायमची बंद होईल, असा माझा बेत होता. बाबांनी त्याला ठाम विरोध केला. मालवणला नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पाण्यात लोटली की पहिले एक-दोन दिवस पाणी उपसावे लागे, मग फळ्या फुगून एकमेकींना घट्ट भिडत, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते. आमच्या बोटीचा तळ दुपदरी फळ्यांचा असला, तरी तत्त्व तेच आहे: भिजल्यावर फुगणाऱ्या फळ्यांच्या मध्ये दगडासारखे कडक इपॉक्सी असेल, तर ते तरी सुटते किंवा फळी तरी चिरते. तेथे आम्ही लवचीक सागरी सीलंट वापरले. स्क्रूंवरची महॉगनीची बुचेही इपॉक्सीत न बसवता व्हार्निशमध्ये बसवली, कारण पुढे कोणाला स्क्रू काढावा लागला तर बुच फोडता यायला हवे.

डेकवर झळाळी हवी असेल, तर २०६ ऐवजी पारदर्शक थरांसाठीचे २०७ हार्डनर घ्यावे. त्याचे प्रमाण वेगळे असल्यामुळे पंपही वेगळा लागतो. उन्हात कोणतेही इपॉक्सी पिवळे पडते, त्यामुळे वर अतिनील किरणांना रोखणारे व्हार्निश हवेच, आणि ते ठरावीक वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. म्हणजे इपॉक्सी लावले की व्हार्निशची कटकट संपली, हा समज सोडलेला बरा.

किंमत जास्त आहे. एवढ्या बोटीच्या सांगाड्यापुरते एक गॅलन रेझिन आम्हाला पुरून उरले. उरलेल्यातून मुलगी आता वल्ही जोडते आहे.