मॉडवाल्या स्कायरिमसाठी कुठलं कार्ड: ३०६० की ४०६०?

खानापूरच्या मावसभावाला नवा पीसी जोडायचाय. खेळणार स्कायरिम हा गेम, तेही शेकडो मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) टाकून. बेळगावात दुकानं फिरून झाल्यावर गाडी दोन ग्राफिक्स कार्डांवर अडली: २०२१चं १२ जीबीवालं आरटीएक्स ३०६० आणि २०२३चं ८ जीबीचं ४०६०.

मॉड नसलेल्या गेममध्ये ४०६० पुढे, यात वाद नाही. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या तंत्रातलं फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या जादा फ्रेम कार्डानेच बनवणं, तेही त्यातच मिळतं.

पण मॉडचं गणित वेगळं. डोंगर, चिलखतं, चेहरे, सगळ्यांची ४के टेक्स्चर (पृष्ठभागांवरची बारीक तपशिलाची चित्रं) टाकली की व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरते. तिथली जागा संपली की टेक्स्चर साध्या रॅममधून आणावी लागतात, आणि नव्या भागात शिरताना गेम अडखळतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) कितीही छान दिसो, तो झटका डोळ्यांना खुपतोच. तिथे जास्तीचे ४ जीबी खरे कामाला येतात. मेमरी बसही, म्हणजे त्या मेमरीतून डेटा ने-आण करायचा रस्ता, ३०६०ची १९२ बिटची, ४०६०ची १२८.

वीज मात्र ४०६० कमी खातं: ११५ वॉट, तर ३०६० १७०. खानापूरच्या पावसात लाईट गेली की यूपीएसवर हा फरक जाणवणार. तरी मी त्याला ३०६०च घ्यायला सांगितलंय. फक्त खोक्यावर १२ जीबी लिहिलंय ना, ते नीट बघ म्हटलं. ८ जीबीचंही ३०६० निघालं होतं, आणि त्याची बस १२८ बिटचीच आहे.