पाइनचे पराग, सहा महिने: पावडर पास, डबी नापास

काल दुसरी डबी संपली. संपली कसली, अर्धी ओट्यावर सांडली. ओटा, मिक्सर, माझी बाही, सगळं भंडारा उधळल्यासारखं पिवळं. त्या रागातच हे लिहितेय.

आम्ही चीनमधल्या शाओशिंग शहराच्या केच्याओ भागात राहतो, नवऱ्याचा कापडाचा धंदा. मार्चमध्ये ऑनलाइन पहिली डबी घेतली ती ‘कवच फोडलेली’, म्हणजे परागकणांचं बाहेरचं कवच फोडलेली, दुप्पट भावाची. फोडल्याशिवाय पराग अंगी लागत नाहीत म्हणे. नवरा थकव्यासाठी रोज कोमट पाण्यातून घ्यायचा. दोन महिन्यांत काडीचा फरक नाही. जुना चिनी वैद्य ली शिचन याच्या १५९६ साली छापलेल्या औषधी ग्रंथात हृदय-फुफ्फुसाला ओलावा, ‘ची’ला (प्राणशक्तीला) बळ असं बरंच काही आहे, त्याच्या भरवशावर बसलो. नंतर कळलं, आजचा चिनी औषधकोश हे औषध वरून लावायला सांगतो: चिघळलेला इसब, पुवाचे फोड, जखमेतलं रक्त. गुण गोड आणि उष्ण. मात्रा लागेल तेवढी, दुखऱ्या जागी भुरभुरायची. म्हणजे आम्ही औषध चुकीच्या दाराने घरात घेतलं!

इथवर मी एकच तारा देणार होते. मत बदललं ते शेजारच्या आयीमुळे (इथे मावशीला आयी म्हणतात). छिंगमिंगला, म्हणजे इथल्या पूर्वजांच्या सणाला, तिने चिकट तांदळाचे गोळे केले होते आणि ते याच पिवळ्या पावडरीत घोळवत होती. हाताला कणभर चिकटेना. जूनमध्ये सततच्या पावसात आमच्या बाळाच्या जांघा लाल झाल्या, तेव्हा तिनेच गावाकडची, न फोडलेली पुडी आणून दिली. चिमटीत धरली तर बोटात काही आहे असं वाटतच नाही, इतकी मऊ आणि निसरडी. पेल्यातल्या पाण्यावर टाकली तर वर तरंगत राहिली. प्रत्येक कणाला दोन हवेच्या पिशव्या असतात ना. तीन दिवसांत लाली उतरली. (कातडी नुसती लाल होती. पाणी सुटलं असतं तर आधी डॉक्टर गाठला असता.) तीच महागडी फोडलेली पावडर त्याच पावसात गाठी धरून बसली होती.

पुडी संपल्यावर पहिल्या डबीच्याच ऑनलाइन दुकानातून न फोडलेली मागवली. माल चांगला, पाण्यावर तरंगला. पण ते झाकण! भोकं तिळाएवढी. जरा हलवलं की ढग उठतो आणि तो बाळाच्या नाकाशी. लंगोटाखाली लावायची वस्तू विकताय, तर झाकणाचा विचार कोण करणार? तक्रार केली तर उत्तर, ‘नैसर्गिक वस्तू आहे, हळू हलवा.’ चार वेळा लिहिल्यावर पुढच्या खरेदीवर ५ युआनची सूट. पुढची खरेदी!

सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, “अगं, जुन्या मलमलीत पुरचुंडी बांध आणि हलकेच टेकव.” बांधली. ढग नाही, सांडणं नाही. आता पुढच्या वसंतात आयीच्या गावाहून सुटी पावडर आणणार. रिकामी डबी धुऊन मोहरीला ठेवलीय. त्या भोकांतून मोहरीही सांडते.