पॅकेट कुठे अडलं ते दाखवणारं ओपनडब्ल्यूआरटी

सांगलीतल्या आमच्या छापखान्यात दोन नेटवर्क आहेत. ऑफिसचे कॉम्प्युटर १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर, कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर १९२.१६८.२० च्या पत्त्यांवर. मधल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे. राउटरसाठी फुकट मिळणारी ही लिनक्स प्रणाली घ्यावी का, असं कुणी विचारलं तर मी बिनधास्त हो म्हणतो.

मध्यंतरी ऑफिसातून डीव्हीआर उघडेना. राउटरचा कॅमेऱ्यांकडचा १९२.१६८.२०.१ (थोडक्यात २०.१) हा पत्ता मात्र पिंगला, म्हणजे ‘आहेस का’ या हाकेला, उत्तर देत होता. त्यावरून पलीकडची वाट मोकळी आहे असं धरू नका. तो पत्ताही राउटरचाच, पॅकेट, म्हणजे पाठवलेला डेटाचा तुकडा, पुढे गेलेलंच नसतं.

आधी राउटरची फायरवॉल, म्हणजे कोणतं पॅकेट जाऊ द्यायचं ते ठरवणारी चौकी, पाहिली. इथे माझी तक्रार आहे. आमच्याकडच्या जुन्या आवृत्तीत झोनच्या (एकाच नियमाखालच्या नेटवर्कच्या गटाच्या) ओळीत ‘फॉरवर्ड’ असा रकाना आहे. तो ॲक्सेप्टवर (‘जाऊ द्या’वर) ठेवला की दोन झोन एकमेकांशी बोलतील असं कुणालाही वाटेल, पण तो एकाच झोनमधल्या इंटरफेसपुरता, म्हणजे राउटरच्या नेटवर्क जोडण्यांपुरता, असतो. एका झोनमधून दुसऱ्यात जायची परवानगी झोन उघडून खाली वेगळी द्यावी लागते. हे पहिल्याच पानावर ठळक हवं होतं.

परवानगी होती, तरी डीव्हीआर गप्पच. मग येणारी-जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या टीसीपीडम्पचं पॅकेज राउटरवर टाकलं आणि कॅमेऱ्यांच्या इंटरफेसवर लावलं. विनंतीच्या ओळी एकामागून एक सरकत होत्या, उत्तराची एकही नाही. म्हणजे राउटर पॅकेट पोचवत होता, डीव्हीआरलाच परतीची वाट माहीत नव्हती. त्याच्या सेटिंगमध्ये गेटवे, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे ज्याच्यामार्फत जायचं तो पत्ता, ०.०.०.० म्हणजे रिकामाच होता. तिथे १९२.१६८.२०.१ भरलं आणि ऑफिसच्या स्क्रीनवर गेटचा कॅमेरा दिसू लागला. अंदाज न लावता दोष असा नेमका हाती लागतो, म्हणूनच मला हे इतकं आवडतं.

अशा वेळी कॅमेऱ्यांच्या झोनवर मास्करेडिंग, म्हणजे पॅकेटवर पाठवणाऱ्याच्या जागी राउटरचा पत्ता टाकणं, लावायचा सल्ला हमखास मिळतो. चालतं ते, कारण विनंती शेजारच्या राउटरकडूनच आली असं डीव्हीआरला वाटतं. पण मग त्याच्या नोंदीत पाहणारा प्रत्येक जण २०.१ म्हणूनच दिसतो, कोणी काय पाहिलं ते कळत नाही. ज्या यंत्रात गेटवे भरायची सोयच नाही, तिथेच ते वापरावं.

राउटर घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत नेमकं मॉडेल आणि त्याची हार्डवेअर आवृत्ती तपासा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या राउटरच्या नादी लागू नका. १६ आणि १२८ च्या खाली मी तरी घेणार नाही.