गळकी गच्ची: चायना मोझॅक की पांढरं कोटिंग?

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या हॉलमध्ये युवक केंद्र थाटायचं म्हटलं की मंडळात पहिला वाद भिंतींच्या रंगावरून होतो. गच्ची गळत असेल तर तो वाद पुढे ढकला. पैसे आधी वर घाला.

निर्णय स्लॅबच्या तब्येतीवर ठरतो. छताचा गिलावा सुटून गंजलेल्या सळया दिसत असतील तर चायना मोझॅक नकोच. दीड इंच सिमेंट-वाळूचा मसाला आणि वर टाइलचे तुकडे, एवढा थर १००० चौरस फुटांवर नऊ-दहा टन भरतो. अशा स्लॅबची आधी इंजिनिअरकडून दुरुस्ती, मग कोटिंग.

स्लॅब धड असेल तर मोझॅकचं पारडं जड. टाइलच्या दुकानांतून फुटका माल जवळजवळ फुकट मिळतो. पांढरेच तुकडे निवडा, मे महिन्यात खालची खोली कमी तापते. पैसे जातात ते कारागिरावर. उतार त्याच थरात काढावा लागतो: १०० ला १, म्हणजे २० फुटांत सुमारे अडीच इंच. सात दिवस पाणी मारलं नाही तर थर पोकळ वाजतो, सांधे फुटतात. मग पाणी एका कोपऱ्यात शिरतं आणि दहा फूट लांब टपकतं. शोधत बसा!

पांढरं अ‍ॅक्रिलिक कोटिंग, म्हणजे रंगासारखा लावायचा जलरोधक थर, केंद्रातली मुलंही लावू शकतात, हीच त्याची खरी बचत. १००० चौरस फुटांना मधल्या फायबर जाळीसकट दोन हातांचे साधारण ५०-६० लिटर लागतात. नेमका आकडा डब्यावर पाहा. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, भेगा खोलून पॉलिमर मसाल्याने भरा, कठडा गच्चीला मिळतो त्या कोपऱ्यात मसाल्याने गोलाई काढा. जाळीचे पट्टे तीन इंच एकमेकांवर यावेत. ओल राहिली तर फोड येतात. म्हणून आदल्या रात्री दोन फुटी प्लास्टिक कडेने चिकटवून ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर थांबा. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर हात मारू नका. पाणी साचणारी गच्ची असेल तर कोटिंग तिथेच आधी सुटतं, उतार नसल्याची भरपाई ते करत नाही. तीन ते पाच वर्षांनी पुन्हा लावावं लागतं, पण फाटलेली जागा डोळ्यांना दिसते आणि तेवढीच डागता येते.

आणि पतंगांचं उत्तरायण? १४-१५ जानेवारीला गच्चीवर सगळा मोहल्ला चढणार, खुर्च्या-स्पीकर घासणार. कोटिंगला ते मानवत नाही. गच्ची वापरातली आणि स्लॅब ठणठणीत असेल, तर मोझॅकच घ्या, भले यंदा टेबल टेनिसचं टेबल घ्यायचं राहिलं तरी चालेल. फक्त ओलं मोझॅक निसरडं होतं, पावसाळ्यात दाराला कुलूप हवं.

काहीही निवडा, काम मेअखेर उरकायला हवं. निचऱ्याच्या तोंडाला जाळी बसवा. स्लॅब भक्कम असेल तर तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवून बघा. आतला रंग मात्र एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या आधी.